बोद्रुमच्या दर्यात एक दिवस



गेल्या अंकात आम्ही इस्तंबूलच्या मशिदींविषयी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ सहज लिहून गेलो, की तिथून आम्ही तीन दिवस बोद्रुमला गेलो आणि त्यातला एक अख्खा दिवस बोटीवर काढला. मशिदींवर जितके फोन आले नाहीत तितके त्या एका ओळीवर आले. चिपळूणकडच्या एका भगिनीने तर सरळच विचारलं, "पुरुष पोहले असतील, ते कळलं. पण बायका पाण्यात उतरल्या, की नेहमीसारख्या पिशव्या आणि चपला सांभाळत बसल्या?"

प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर आमच्याही घरात हा प्रश्न होता आणि तो बोद्रुमच्या चार वर्षं आधीपासून होता. म्हणून हा महिना त्या दिवसासाठी.

आधी घरातली माणसं सांगतो. आम्ही दोघं, 14 वर्षांची लेक, 9 वर्षांचा मुलगा आणि अम्मी. आमचं मूळ गाव दाभोळ खाडीच्या काठचं. घरातल्या तीन पिढ्या जहाजावर नोकरीला होत्या, कुणी खलाशी, कुणी सारंग. आम्हा दोघांपैकी एकाला पोहता येतं, दुसऱ्याला येत नाही. कोणाला येत नाही ते वाचकांनी ओळखलंच असेल.

लेक सहा वर्षांची असताना आम्ही तिला शहरातल्या पोहण्याच्या तलावावर घातलं होतं. चार वर्षांत ती छान पोहायला लागली. ती दहाची झाली तेव्हा अम्मींनी एक दिवस सांगितलं, "पोर मोठी झाली आता. पुरे झालं पाणी." आम्ही वाद घातला नाही. धाकटा त्याच वर्षी त्याच तलावावर जायला लागला आणि त्याची बहीण बाहेर बाकावर बसून त्याचा टॉवेल धरायला लागली. हे चार वर्षं चाललं. कुणी काही बोललं नाही.

उमराहहून परतताना इस्तंबूलमध्ये थांबायचं ठरलं तेव्हा बोद्रुमचं नाव धाकट्याने काढलं. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एजियन समुद्राच्या काठी हे गाव आहे. इस्तंबूलहून विमानाने मिलास-बोद्रुम विमानतळावर उतरायचं आणि तिथून बसने गावात यायचं. पांढरीशुभ्र ठेंगणी घरं, भिंतींवर गुलाबी बोगनवेल आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला निळं पाणी.

बंदरावर सकाळी बोटींची रांग लागलेली असते. साधारण साडेदहा-अकराला निघायचं, चार-पाच ठिकाणी नांगर टाकून लोकांनी पोहायचं, दुपारचं जेवण बोटीवरच घ्यायचं आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला परत यायचं, असा त्यांचा दिवस असतो. आदल्या संध्याकाळी आम्ही एका माणसाकडून तिकिटं घेतली. "फॅमिली बोट, शांत बोट," असं त्याने दोनदा सांगितलं होतं. सकाळी चढलो तर वर मोठाले स्पीकर लागलेले आणि साडेदहालाच दारूचे ग्लास फिरत होते. अम्मी काही बोलल्या नाहीत, फक्त तस्बीह काढली. आम्ही उतरलो. पैसे परत मागायला अर्धा तास हुज्जत घातली, त्यातले अर्धेच मिळाले. धाकटा रडकुंडीला आला होता.

पण नशीब असं, की रांगेच्या शेवटी एक छोटी लाकडी बोट होती. त्यावर दोन तुर्की कुटुंबं बसली होती आणि त्यातल्या एका कुटुंबातली आजी आणि सून आमच्यासारख्याच हिजाबमध्ये होत्या. बोटीचा मालकच कप्तान होता, साठीचा, मिशाळ. अम्मींना पाहून त्याने छातीवर हात ठेवून सलाम केला आणि चढताना हात द्यायला स्वतः न येता बायकोला पुढे पाठवलं. अम्मींची भीड तिथेच निम्मी गेली.

या बोटींना तिकडे 'गुलेत' म्हणतात. लाकडी, पोटाला रुंद, दोन डोलकाठ्यांच्या. बोद्रुममध्ये त्या अजूनही बांधल्या जातात. कप्तानाला सगळे 'रेइस' म्हणून हाक मारत होते. आपल्याकडच्या 'रईस' या नावाचाच तो शब्द, अरबीत अर्थ प्रमुख. उस्मानी सल्तनतीचा मोठा दर्यासारंग तुर्गुत रेइस याच भागातला. जवळच्या एका गावाला त्याचंच नाव आहे. पीरी रेइसने 1521 मध्ये 'किताब-ए-बहरिये' लिहिली. कुठल्या बंदरात गोडं पाणी मिळतं, कुठे खडक आहे, कुठल्या वाऱ्यात कुठे नांगर टाकावा, हे सगळं त्यात नकाशांसह आहे. आणि सैदी अली रेइस तर थेट आपल्याकडे येऊन गेलेला. 1554 मध्ये पोर्तुगीजांशी झुंज आणि मग तुफान, यात त्याचं आरमार मोडलं आणि तो गुजरातच्या किनाऱ्याला लागला. तिथून सिंध, दिल्ली असं करत तो खुष्कीच्या मार्गाने घरी गेला आणि त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. उस्मानी आरमाराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला 'कप्तान-ए-दर्या' म्हणत. 'दर्या' हा शब्द ऐकून अम्मी हसल्या. "म्हणजे आपलाच दर्या की," म्हणाल्या.

बोट निघाली आणि किल्ला आला. तो जेरुसलेमहून हटलेल्या ख्रिस्ती सरदारांनी पंधराव्या शतकात बांधला. इथे त्यापूर्वी मौसोलस राजाची भव्य कबर होती, जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. तिचे दगड काढून किल्ल्यात वापरले. सुलतान सुलेमानने रोड्स बेट घेतल्यावर 1523 मध्ये हा किल्लाही उस्मानींकडे आला. आज त्यात समुद्राखाली सापडलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. आदल्या दिवशी आम्ही ते पाहिलं होतं. त्यातला उलुबुरुन नावाच्या जहाजाचा भाग तर मुलांना हलवेना. सुमारे 3300 वर्षांपूर्वी बुडालेलं हे जहाज 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला दिसलं. त्याने कप्तानाला सांगितलं की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत. ती तांब्याच्या लाद्या निघाल्या, एकूण दहा टन. पुढे 1984 ते 1994 अशी अकरा वर्षं पाणबुडे तिथे उतरत होते.

हे स्पंजवाले म्हणजे जुनं बोद्रुम. पर्यटक येण्याआधी गावाची रोजीरोटी समुद्राच्या तळावरचे स्पंज काढण्यावर होती. खोलवरून घाईने वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो. अशी लुळी पडलेली माणसं गावात घरोघर होती. आमच्या रेइसचे वडीलही त्यातले. "बाबा चाळीसाव्या वर्षी काठी घेऊन चालायचे," असं त्याने खुणेने आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अम्मींना ते आम्ही मराठीत सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. जहाजावरच्या नोकरीने वाकलेली माणसं त्यांनी आमच्या घरात पाहिलेली आहेत.

असा दिवसभर बोटीवर राहून पोहण्याचा शौक कुठून आला, तेही सांगण्यासारखं आहे. जेवात शाकिर नावाच्या लेखकाला 1925 मध्ये एका लेखापायी शिक्षा म्हणून बोद्रुमला पाठवलं गेलं. तेव्हा हे दूरचं, कुणी न येणारं गाव होतं. शिक्षा संपली तरी तो इथेच रमला. 'हालिकार्नासचा मच्छीमार' या नावाने तो लिहायला लागला. हालिकार्नास हे बोद्रुमचं जुनं नाव. स्पंजवाल्यांच्या साध्या बोटींवर तो मित्रांना घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचा. सोबत पाव, ऑलिव्ह, मासे. त्याला लोक 'निळा प्रवास' म्हणायला लागले. आजच्या सगळ्या बोटी त्याच्याच नातवंडं-पतवंडं.

पहिला मुक्काम कारा आदा, म्हणजे काळं बेट. अर्ध्या तासात पोचलो. तिथे एका गुहेतून गरम पाण्याचा झरा येतो आणि लोक तिथला चिखल अंगाला लावतात. धाकटा आणि त्याचा बाप शिडीवरून खाली उतरले. लेक कठड्याला धरून उभी राहिली. चार वर्षांची सवय, तिने आपण होऊन भावाचा टॉवेल हातात घेतला होता.

आता कपड्यांविषयी. आम्ही इस्तंबूलमध्येच तिच्यासाठी 'हाशेमा' घेतला होता. तुर्कस्तानात पूर्ण अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाला हे नाव आहे. पायघोळ पँट, वरून गुडघ्यापर्यंतचा झगा आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी. कापड असं असतं की पाणी धरत नाही. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. आपल्याकडे मुली-बायका सुती सलवार-कमीज किंवा बुरख्यासकट पाण्यात शिरतात. सुती कापड भिजलं की जड होतं, पायांत गुंडाळतं आणि ओढणी गळ्याशी येते. पर्दा होतो, पण जीव धोक्यात येतो. दोन्ही सांभाळणारे कपडे आता मिळतात, मुंबईतही मिळतात.

तो हाशेमा पिशवीतच होता. अम्मींना विचारल्याशिवाय तो काढायचा नाही, असं आमचं आपसात ठरलं होतं. विचारायचं धाडस मात्र दोघांपैकी कुणालाच होत नव्हतं. उमराह करून आठवडाही झाला नव्हता.

दुसरा मुक्काम एका अरुंद खाडीत होता, त्याचं नावच 'अक्वेरियम'. पाणी इतकं नितळ की सहा-सात मीटर खोल पडलेला आमचा नांगर आणि त्याची साखळी कडीकडीने दिसत होती. अम्मी वाकून वाकून पाहत होत्या. "आपल्या खाडीत गुडघाभर पाण्यात पाय दिसत नाही," त्या म्हणाल्या.

त्याची कारणं आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात नद्या डोंगराची माती खाली आणतात आणि भरती-ओहोटी ती रोज ढवळते. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, उन्हाळाभर पाऊस नाही, किनारा खडकाळ. शिवाय पाण्यात सूक्ष्म शेवाळ कमी, म्हणून हिरवट गढूळपणा नाही. पण त्याच कारणाने मासळीही कमी. रेइस म्हणाला, "पाहायला सुंदर, जाळ्याला गरीब." आपला दर्या गढूळ आहे, पण पोट भरणारा आहे, असं अम्मींचं त्यावरचं मत पडलं. इथलं पाणी आपल्यापेक्षा खारटही आहे. लिटरमागे 39 ग्रॅमच्या आसपास मीठ, आपल्याकडे 35-36. त्यामुळे माणूस इथे थोडा सहज तरंगतो.

एकच्या सुमारास जुहरची वेळ झाली. वुजूसाठी बोटीवर गोड्या पाण्याचा शॉवर होता, पण टाकी छोटी. समुद्रात प्रवास करणाऱ्यांनी नबी करीम (स.) यांना नेमकं हेच विचारलं होतं, की आमच्याकडे प्यायचं पाणी थोडं असतं, समुद्राच्या पाण्याने वुजू करावा का. समुद्राचं पाणी पाक आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. धाकट्याने हे मकतबमध्ये पाठ केलेलं होतं. बादलीने दर्याचं पाणी ओढून त्याने वुजू केला तेव्हा ते पाठांतर त्याला पहिल्यांदा खरं वाटलं असेल. किब्ला इथून आग्नेयेला. रेइसने होकायंत्र दाखवलं. नांगरलेली बोट वाऱ्याने हळूहळू फिरते, तेव्हा तिच्याबरोबर आपणही किब्ल्याकडे वळत राहायचं. आम्ही शाफई, मुसाफिर म्हणून जुहर आणि असर एकत्र पढलो. अम्मींनी बसून पढली. हिजाबवाली तुर्की आजी त्यांच्या शेजारी येऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सलाम फेरल्यावर दोघी एकाच वेळी "अल्लाह कबूल करो" या अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या.

जेवणात कोळशावर भाजलेला मासा, टोमॅटो-काकडी, पाव आणि शेवटी कलिंगड. कोंबडीही होती. आम्ही चढतानाच विचारून घेतलं होतं. वाचकांना सांगतो, जेवणाच्या थाळीबरोबर दारू येत नाही, ज्याला हवी तो वेगळी विकत घेतो. तरी बोट निवडताना आधी विचारावं. थोड्या वेळाने आइस्क्रीम विकणारी एक चिमुकली होडी आमच्या बोटीला येऊन लागली आणि धाकट्याच्या दृष्टीने सहलीचं सार्थक झालं.

जेवणानंतर वारा वाढला. उन्हाळ्यात इथे वायव्येकडून 'मेल्तेम' नावाचा वारा वाहतो. सकाळी शांत असतो, दुपारी जोर धरतो. हवा स्वच्छ झाली आणि नैर्ऋत्येला एक लांबट डोंगर ठळक दिसायला लागला. लेकीने विचारलं, "ते कोणतं बेट?"

रेइस म्हणाला, "कोस. युनान." म्हणजे ग्रीस. बोद्रुमच्या द्वीपकल्पाच्या टोकापासून ते बेट अवघं चार-पाच किलोमीटर आहे.

लेक गप्प झाली. मग तिने विचारलं, "तो मुलगा इथेच ना?"

वाचकांना आठवत असेल. 2 सप्टेंबर 2015 रोजी पहाटे सीरियातलं एक कुर्द कुटुंब बोद्रुमच्या किनाऱ्यावरून कोसला जायला रबरी होडीत बसलं. होडी उलटली. ॲलन कुर्दी हे बाळ, त्याचा मोठा भाऊ आणि त्यांची आई, तिघंही बुडाले. बाप वाचला. लाल सदऱ्यातल्या त्या बाळाचा वाळूवर पालथा पडलेला फोटो साऱ्या जगाने पाहिला. त्या एका वर्षात आठ लाखांहून अधिक माणसं याच समुद्रातून ग्रीसला पोचली. कितीतरी पोचली नाहीत. त्यांना विकलेली काही लाइफ जॅकेटं तर खोटी होती. 2016 च्या जानेवारीत इझमीरमध्ये पोलिसांनी असा कारखाना पकडला. आत तरंगणारा फोम नव्हता, सामान बांधायला वापरतात तसलं स्वस्त भराव होता.

रेइसने टोपी काढून हातात घेतली. तो त्या दिवसांत समुद्रावर होता. त्याने जास्त काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

अम्मी कोसकडे पाहत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते आम्ही लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"माझी धाकटी बहीण खाडीत गेली," त्या म्हणाल्या. "लग्नाहून परतत होतो. तरीत माणसं जास्त भरलेली. मधोमध तर कलंडली. पुरुष होते ते पोहून काठाला लागले. त्यांनी मला केसांना धरून ओढलं, मी काठाजवळ होते. ती आतल्या बाजूला होती. नवा शरारा घातला होता तिने." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी चार गेल्या. चारही बायका."

मोटारीचा आवाज बंद होता. पाणी बोटीच्या पोटावर आपटत होतं, तेवढंच.

आम्ही इतकी वर्षं समजत होतो की अम्मींनी लेकीचं पोहणं पर्द्यासाठी थांबवलं. आम्ही कधी विचारलंच नाही. ती भीती होती. पाण्याजवळ गेलं नाही तर पाणी नेणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. खाडीच्या काठी राहणाऱ्या, रोज तरीने ये-जा करणाऱ्या, चिखलात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून कालवं काढणाऱ्या बायकांना पाण्यापासून दूर ठेवता येत नाही, हे त्या हिशेबात नव्हतं. पण तो हिशेब एकट्या त्यांचा थोडाच होता! सारा गाव तसाच वागत होता. मुलगे आठव्या वर्षी बंदरावरून उड्या मारायचे, मुली काठावर उभ्या राहून मोजायच्या. शरमेचं नाव पुढे केलं की कुणी जास्त विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही. चूक अम्मींची जितकी, त्याहून आमची जास्त.

लेकीने अम्मींचा हात धरला. "दादी, मला येतं पोहायला," ती म्हणाली. एवढंच.

अम्मी म्हणाल्या, "मग जा. मी इथून बघते."

तिसऱ्या मुक्कामाला, कार्गीच्या खाडीत, लेक हाशेमा घालून शिडीवरून उतरली. काठावर उंट फिरवायला होते, धाकट्याचं लक्ष तिकडे. आमच्या दोघांचं तिच्याकडे. चार वर्षांत सुटलेली सवय पहिल्या दहा हातांत जाणवली, मग ती सरळ निघाली. बोटीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने वर आली. अम्मी या कठड्यावरून त्या कठड्याकडे जात होत्या आणि ओठांवर काहीतरी पढत होत्या. लेक वर आली तेव्हा टॉवेल धाकट्याच्या हातात होता. तो त्याला अम्मींनी दिला होता.

शेवटच्या मुक्कामाला आम्हा दोघांपैकी पोहता न येणारंही लाइफ जॅकेट घालून उतरलं. लेक शेजारी होती. "पाठीवर पड, कान पाण्यात जाऊ दे, मान ताठ धरू नको," ती सांगत होती. मान सैल सोडायला पाच मिनिटं लागली. मग वर फक्त आभाळ. अम्मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. त्याहून खाली त्या उतरल्या नाहीत. तुर्की आजी त्यांच्या मागे बसून त्यांचा दुपट्टा धरून होती.

साडेपाचला बंदरावर परतलो. उतरताना अम्मींनी रेइसच्या बायकोला आपल्या पिशवीतली मक्केहून आणलेली खजूर दिली.

आता जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. मे ते ऑक्टोबर हा मोसम. आम्ही सप्टेंबरात गेलो, गर्दी कमी आणि पाणी कोमट. तरी आपल्याला पहिली दोन मिनिटं ते गारच वाटतं, एकदम उडी न मारता शिडीने उतरावं. खडकांवर काळ्या काट्यांचे गोळे असतात, पाय पडला तर काटे आत मोडतात, म्हणून पाण्यात चालायचे रबरी बूट घ्यावेत. वारा असल्याने ऊन लागतंय हे कळत नाही. टोपी आणि प्यायचं पाणी भरपूर ठेवावं. पोहायच्या आधी भरपेट जेवू नये. बोटीवर चढल्याबरोबर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्यावं, पट्टे आणि बकल ओढून पाहावेत, आणि घालून दाखवावं. दोन-तीन कुटुंबं मिळून छोटी बोट घेतली तर फक्त आपली माणसं असतात आणि बायकांना संकोच राहत नाही. माणशी खर्च थोडा जास्त पडतो, इतकंच.

पण खरी कामाची गोष्ट बोद्रुमची नाही, इथली आहे. परत आल्यावर आम्ही लेकीला पुन्हा तलावावर घालायला गेलो. मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, विचारलं. पूर्वी होती, मागणी नाही म्हणून बंद केली, असं उत्तर मिळालं. मागणी कशी नसेल? मोहल्ल्यात अकरा घरी जाऊन विचारलं. अकराही आया म्हणाल्या, बाई शिकवायला असेल आणि वेळ वेगळी असेल तर मुलींना पाठवू. त्यातल्या चौघींनी हळूच विचारलं, "आम्ही आलो तर चालेल?"

तसा अर्ज आम्ही तलावावर दिला आहे. खाली बारा सह्या आहेत. बारावी सही अम्मींची आहे. त्यांना लिहिता येतं ते फक्त उर्दूत, तशीच केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या खाडीकाठी, मुलींना पोहायला कोण शिकवतं? शिकवत नसेल तर का नाही? खरं कारण काय आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा शांतपणे विचारून पाहा आणि आम्हाला लिहा. आमच्या अर्जाचं काय झालं ते पुढच्या अंकात सांगू, इन्शाअल्लाह.

तोवर खुदा हाफिज.